संक्रांत झाली की निघायचे

सिएम रीप, कंबोडिया
आश्विन शुद्ध दशमी

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

दसऱ्याचे बोलणे सकाळी फोनवर झाले, तरीही हे पत्र लिहिते आहे. फोनवर आई दोन वाक्यांनंतर ‘बाबांशी बोल’ म्हणते आणि बाबा ‘तिकडे पाऊस कसा आहे’ एवढे विचारून फोन पुन्हा आईकडे देतात. जे सांगायचे आहे ते तेवढ्यात मावणारे नाही. दादाने थोडेफार कानावर घातलेच असेल. इथली नोकरी मी आणखी दोन वर्षांसाठी चालू ठेवली आहे, यंदा दिवाळीला मला येता येणार नाही, आणि संक्रांत झाल्याबरोबर तुम्ही दोघांनी माझ्याकडे यायचे आहे. तिकिटे काढून झाली आहेत. रद्द केल्यास पैसे परत न मिळणारी काढली आहेत, आणि तीही जाणूनबुजून, कारण तुम्हाला मी चांगली ओळखते.

आधी नोकरीचे सांगते. हॉटेलातल्या पाहुण्यांच्या सहली आखण्याचे माझे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सर्वांत जास्त असते, कारण पाऊस संपून हवा कोरडी आणि त्यातल्या त्यात थंड होते व सारे जग तेव्हाच इकडे लोटते. दिवाळी नेमकी त्या हंगामाच्या तोंडावर येते. सुट्टी मागितली असती तर कदाचित मिळाली असती, पण मग जानेवारीत तुम्ही इथे असताना मला तुमच्याबरोबर फिरता आले नसते. पुण्यात काम मिळणार नाही असे नाही, आणि वरच्या मजल्याचे कर्ज या मुदतीत फिटते हेही खरे आहे, परंतु केवळ तेवढ्यासाठी मी इथे राहिले असे समजून आईने हळवे होऊ नये. मला हे गाव आवडते. नानांच्या बाबतीत जे झाले तसे माझ्या बाबतीत होणार नाही, हे मी त्या रात्री ओट्यावर सांगितले होते आणि आजही सांगते.

आता तुमच्या सोयीचे. घर तळमजल्यावर आहे आणि दाराशी एकच पायरी आहे. न्हाणीघरात कमोडशेजारी भिंतीला धरायला दांडी बसवून घेतली आहे, फरशीवर रबरी चटई टाकली आहे आणि गरम पाण्याची सोय आहे. गादी कडक आहे, बाबांना लागते तशी. तुरीची डाळ, पोहे, रवा आणि चहाची पूड गावातल्या भारतीय दुकानात मिळते व कुकर माझ्याकडे आहे, त्यामुळे आईने कुकर आणू नये. इथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असल्याने बाबांची औषधांची वेळ फारशी बदलणार नाही. एकच त्रास होईल तो असा, की जानेवारी हा इथे लग्नसराईचा काळ आहे. लोक रस्त्यातच मांडव घालतात आणि पहाट झाली की कर्णे सुरू होतात. तेवढे सोसावे लागेल. वाईच्या घरी समोरच्या कार्यालयाचा बँड सोसतोच आपण.

मुंबईहून बँकॉकला आणि तिथे विमान बदलून सिएम रीपला यायचे आहे. दोन्ही ठिकाणी आईसाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली आहे. ‘मी काय आजारी आहे का’ असे म्हणून तिने ती नाकारू नये, कारण त्या खुर्चीमुळे रांगेत उभे राहावे लागत नाही आणि बाबांनाही तिच्याबरोबर पुढे जाता येते. इथला नवा विमानतळ ऑक्टोबर 2023मध्ये सुरू झाला. तो गावापासून बराच दूर, जवळजवळ तासाभराच्या अंतरावर आहे, पण मी दाराशी गाडी घेऊन उभी असेन.

मंदिरे पाहण्यासाठी पास काढावा लागतो आणि त्यावर आपला फोटो छापतात. एका दिवसाचा 37 डॉलरला आणि तीन दिवसांचा 62 डॉलरला मिळतो. तीन दिवसांच्या पासाची सोय अशी, की हे तीन दिवस सलग नसले तरी चालतात, दहा दिवसांत केव्हाही वापरता येतात. म्हणूनच मी एक दिवस मंदिर आणि एक दिवस घरी विश्रांती असा बेत केला आहे. माझे पाहुणे दोन दिवसांत चौदा मंदिरे उरकतात आणि तिसऱ्या दिवशी त्यांना कुठे काय पाहिले ते आठवत नाही. आपल्याला तसे करायचे नाही. आणि बाबा, 62चा रुपयांत गुणाकार करायचा नाही. पास माझ्याकडून आहेत.

अंकोर वाटला लोक सूर्योदयासाठी जातात. पहाटे पाचला दारे उघडतात, तळ्याच्या काठी माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात आणि अंधारात दगडी फरसबंदीवरून ठेचकाळत चालावे लागते. तुम्हाला मी त्या वेळी नेणार नाही. फोटो पाहिलेत, तेवढा सूर्योदय पुरे. सूर्य वर आला की बहुतेक सारे न्याहारीसाठी गावात परततात, आणि त्या मोकळ्या वेळी आपण पूर्वेच्या बाजूने आत शिरू. मंदिराचे तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे पूर्वेकडे गर्दी कमी असते. खंदक ओलांडायला तिथे साधा मातीचा बांध आहे आणि पुढची वाट झाडीतून सपाट जाते. हा खंदक जवळजवळ 190 मीटर रुंद आहे. दुसऱ्या सूर्यवर्म्याने बाराव्या शतकात हे विष्णूचे मंदिर उभारले तेव्हा हा सारा खंदक माणसांनी हातांनी खणला असणार, हे मनात आले की मला तरी शिखरांपेक्षा त्या पाण्याचेच अधिक आश्चर्य वाटते.

पूर्वेकडून गेल्यावर समुद्रमंथनाची भिंत लगेच लागते. ती सुमारे 49 मीटर लांब आहे. एका बाजूला 92 असुर, दुसऱ्या बाजूला 88 देव, मध्ये विष्णू, त्याच्याखाली कूर्म, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वासुकी. बाबा, तुम्ही तिथे वरती पाहत उभे राहाल, म्हणून आधीच सांगते की खाली पाहा. तळाशी समुद्रातले मासे आणि मगरी कोरल्या आहेत. कडेला असलेले मासे धडधाकट आहेत, पण घुसळणीच्या जागेजवळ येत जावे तसतसे ते तुटलेले दिसू लागतात. कुणाचे डोके वेगळे, कुणाचे शेपूट वेगळे, आणि मगरीचे तर सरळ दोन तुकडे. पुराणात समुद्र घुसळला असे एका ओळीत लिहिलेले असते. इथल्या पाथरवटाने त्या घुसळणीत माशांचे काय झाले असेल याचा विचार केला. देवांच्या बाजूला वासुकीच्या शेपटाशी एक भला मोठा वानर आहे आणि इथले वाटाडे त्याला हनुमान म्हणतात. समुद्रमंथनात हनुमान कुठून आला, हा तुमचा आक्षेप मला येथूनच ऐकू येतो आहे. तो तुम्ही वाटाड्याशी नव्हे, माझ्याशी काढा.

पश्चिमेच्या भिंतीवर एकीकडे कुरुक्षेत्र आणि दुसरीकडे लंकेचे युद्ध आहे. ते वेगळ्या दिवशी दुपारी पाहू, कारण तेव्हा ऊन त्या बाजूला येते आणि कोरीवकाम उठून दिसते. शरपंजरी भीष्म कुठे आहे ते मी दाखवणार नाही, तुम्ही शोधायचा. आईसाठी पश्चिमेच्याच गोपुरात आठ हातांचा विष्णू उभा आहे. देश बौद्ध झाला तरी गावातले लोक त्याला ‘ता रीच’ म्हणून आजही भजतात, भगवे वस्त्र नेसवतात, उदबत्त्या लावतात आणि नवस बोलतात. आई, तिथे तुला हात जोडायला कुणाची परवानगी लागणार नाही.

सर्वांत वरच्या मजल्यावर मात्र कुणीही चढायचे नाही. मूळ दगडी पायऱ्या जिन्यापेक्षा शिडीला जवळच्या आहेत आणि त्यांवर बसवलेला लाकडी जिनाही फार उभा आहे. आईच्या गुडघ्यांचा तर प्रश्नच नाही, पण बाबा, स्टेंट बसवल्यानंतर तुम्हीही नाही. रायगड तुम्ही किती वेळा चढलात ते मला ठाऊक आहे आणि त्यावरून मी कधी वाद घालणार नाही. वर काय आहे ते मी पाहिले आहे. चार बाजूंना ओवऱ्या, मध्ये शिखर, कोपऱ्यांत बुद्धमूर्ती आणि खाली दूरवर पसरलेले रान. खाली सावलीत बसून मी तुम्हाला सगळे सांगेन, आणि तुम्ही प्रश्न विचारून मला नेहमीप्रमाणे हैराण करा.

बान्ते स्राय गावापासून साधारण 35 किलोमीटरवर आहे. तिथे मोटारीने जाऊ, कारण रिक्षातून धूळ लागते आणि आईला खोकला होतो. मंदिर लहानखुरे आहे, चढण नाही. यज्ञवराह नावाच्या राजगुरूने ते बांधवले आणि 967 साली त्याची प्रतिष्ठा झाली. गुलाबी वालुकाश्मात इतके बारीक काम आहे, की दगडाला सुरी लागते कशी असा प्रश्न पडावा. दक्षिणेकडच्या ग्रंथालयाच्या कपाळपट्टीवर रावण कैलास हलवतो आहे. प्राणी पळत आहेत, ऋषी दचकले आहेत आणि पार्वती शंकराला बिलगली आहे. वेरूळला सोळाव्या लेण्यात हाच प्रसंग बाबांनी मला खांद्यावर घेऊन दाखवला होता, आणि रावण जिंकला तर आपले काय होईल म्हणून मी रडले होते. आई अजूनही ती गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगते. वेरूळचे काम दोनशे वर्षे आधीचे आणि कितीतरी भव्य, इथले दागिन्यासारखे. कोणते श्रेष्ठ यावर तुमचे मत ठरलेले असणार, पण ते पाहून झाल्यावर सांगा.

त्या वाटेवर प्रेअह दाक नावाचे खेडे लागते. रस्त्याच्या कडेला मोठाल्या कढयांमध्ये ताडाचा रस आटवून गूळ करतात. बायका मातीच्या चुलीवर रस उकळतात, घट्ट होत आला की लाकडी दांड्याने घोटतात, आणि ताडाच्या पातीच्या छोट्या कड्यांमध्ये ओतून वड्या पाडतात. आई, तिथे तुझा अर्धा तास सहज जाणार हे धरूनच मी वेळ आखला आहे. माझ्या ओळखीच्या एका काकूंना सांगून ठेवले आहे, त्या तुला घोटायलाही देतील. भाषेची अडचण येणार नाही. तुला कऱ्हाडच्या गुऱ्हाळावर कधी आली होती?

ता प्रोम आणि प्रेअह खान ही दोन मंदिरे मी मुद्दाम एका दिवशी ठेवली आहेत. सातव्या जयवर्म्याने 1186मध्ये ता प्रोम आपल्या आईच्या स्मरणार्थ उभारले आणि 1191मध्ये प्रेअह खान वडिलांच्या. एकात आईला प्रज्ञापारमितेच्या, म्हणजे बौद्धांच्या प्रज्ञेच्या देवीच्या रूपात पुजले, दुसऱ्यात वडिलांना लोकेश्वराच्या, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या. ता प्रोममध्ये झाडांच्या मुळांनी भिंती कवटाळल्या आहेत, त्यामुळे तिथे फोटोवाल्यांची गर्दी असते, पण लाकडी पायवाटा घातल्याने चालणे सोपे आहे. आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याचे लोक तिथे इथल्या खात्याबरोबर वर्षानुवर्षे डागडुजीचे काम करत आले आहेत. त्याआधी 1986 ते 1993 या काळात, देश अजून अस्थिर असताना, त्यांनी अंकोर वाटचीही साफसफाई केली. त्या साफसफाईवर पुढे टीकाही झाली, परंतु तेव्हा इथे यायला फारसे कुणी तयार नव्हते, हे टीकाकार विसरतात असे माझे मत आहे. प्रेअह खानमध्ये पडलेले चिरे आणि उंच उंबरे बरेच आहेत, तेव्हा बाबांच्या वाट्याच्या मंदिरात आईने माझा हात धरून चालायचे. तिथले कुंपण जांभ्या दगडाचे आहे. आई, तुझ्या देवरुखच्या गडग्यासारखाच तांबडा, भोकाभोकांचा दगड समुद्रापलीकडे भेटतो, तेव्हा मला दर वेळी मामाच्या परड्यात आल्यासारखे होते.

ता प्रोमचा शिलालेख संस्कृतात आहे. आवारात 12,640 माणसे राहत होती, असे त्यात नोंदवले आहे. बाबा, विश्वकोशाच्या कचेरीत जन्मभर मुद्रिते तपासलेल्या माणसाला एवढा काटेकोर आकडा आवडेल, म्हणून सांगितला. त्याच लेखात राज्यातल्या 102 आरोग्यशाळांचाही उल्लेख आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या राजाला हे सुचले, आणि तुम्ही मात्र साताऱ्याच्या डॉक्टरांकडे जाण्याचे दिवाळीनंतर पाहू म्हणता.

बायोन मंदिराविषयी थोडक्यात. शिखरांवरचे हसरे चेहरे प्रसिद्ध आहेत आणि तिथे ऊनही फार लागते, म्हणून तिथे आपण केवळ खालच्या भिंती पाहू. त्यांवर राजापेक्षा बाजारच अधिक आहे. कोंबड्यांची झुंज, मासे, तराजू, बाळंतीण, चुलीवरचे भांडे. प्नोम बाखेंगच्या टेकडीवरचा सूर्यास्त आणि क्बाल स्पीअनची लिंगांनी भरलेली नदी मी यादीतून काढून टाकली आहे. चढ आहे. यावर चर्चा नको.

इथला पितृपक्ष नुकताच संपला. भाद्रपदाच्या वद्य पक्षातच तो येतो, त्याला इथे प्चुम बेन म्हणतात, आणि पंधरा दिवस लोक पहाटेच्या अंधारात विहारात जाऊन भाताचे गोळे प्रदक्षिणा घालत टाकतात, ज्यांचे कुणी नाही त्या पितरांपर्यंत ते पोहोचावेत म्हणून. घरमालकीणबाईंबरोबर मीही गेले होते. आजीच्या नावाने एक गोळा टाकला. आजीला चालले असते की नाही ठाऊक नाही, पण तिने मला उपाशी पाठवले नसते एवढे नक्की. बाबांनी घरी केलेच असेल, म्हणून हे वेगळे धरू नका.

संध्याकाळी फार काही ठेवलेले नाही. एका दिवशी नृत्य पाहू. ख्मेर रूझ या जहाल कम्युनिस्टांच्या राजवटीत, 1975 ते 1979 या चार वर्षांत, इथले बहुतेक नर्तक आणि गुरू मारले गेले किंवा उपासमारीने गेले. जे वाचले त्यांनी आठवणीतून एकेक मुद्रा पुन्हा शिकवली. बोटे मनगटाकडे इतकी मागे वळतात, की पाहणाऱ्याच्याच हाताला कळ यावी. जेवणाबरोबर नृत्य दाखवणारी ठिकाणे पुष्कळ आहेत, पण ताटे वाजत असताना मला ते पाहवत नाही, म्हणून आपण जेवून जाऊ. चामड्याच्या मोठ्या चित्रांचा सावल्यांचा खेळ त्या आठवड्यात लागला तर तोही पाहू. पिंगुळीला ठाकरांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहताना बाबा शेवटपर्यंत उठले नव्हते आणि आपली एसटी चुकली होती. इथेही कथा रामाचीच असते.

जेवणाची काळजी आईने मुळीच करू नये. इथे भाजीतही माशाचे पाणी घालतात, हे खरे आहे, आणि ते वासावरून कळत नाही. म्हणून ‘मासे नाहीत, माशाचे पाणी नाही, अंडे नाही’ असे ख्मेर भाषेत लिहिलेले कार्ड मी तुमच्यासाठी करून ठेवले आहे, आणि बहुतेक वेळा आपण घरीच जेवणार आहोत. बांबूच्या नळीत नारळाचे दूध आणि चवळी घालून भाजलेला चिकट भात रस्त्यावर मिळतो, तो मात्र खाऊन पाहा.

आता सूचना, आणि या पाळल्या गेल्याच पाहिजेत. मंदिरांत खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, आईच्या साड्या चालतील, पण नऊवारी नको, तिचा काठ पायात येतो. बाबांनी तो जुना पंचा डोक्याला बांधू नये, टोपी घ्यावी. दोघांनी बंद आणि मळलेले बूट घालावेत, नवे नकोत. भिक्षू दिसले तर आईने त्यांच्या अंगाला हात लागू देऊ नये, नमस्कार दुरूनच करावा, आणि कुणाच्याही लेकराच्या डोक्यावरून कौतुकाने हात फिरवू नये, इथे ते चालत नाही. डॉलरच्या नोटा कोऱ्या आणि न फाटलेल्या घ्याव्यात, किंचित फाटलेली नोटही इथे घेत नाहीत. औषधे हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. पौषात प्रवास नको असे शेजारच्या काकू म्हणतील. त्यांना माझे नाव सांगा.

बाबांनी डिसेंबरच्या आत तपासणी करून घ्यावी आणि अहवाल दादाकरवी मला पाठवावा. तो आल्याशिवाय मी मोटार ठरवणार नाही. पारपत्रांच्या प्रती आणि व्हिसाचे काम दादाकडे दिले आहे, त्याला लागेल तिथे सही करा, वाद घालू नका.

दिवाळीत फराळ करताना आईने फार वेळ उभे राहू नये. चकल्या विकत आणल्या तर मला कळणारही नाही.

तुमची,
मनू

ता. क. मेतकूट आणि तिळगूळ आणा. भाजणी पाच किलो आणू नका, किलोभर पुरे. पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ बाबांनी लाल शाईने दुरुस्त केले असतील, तर तो कागद येताना बरोबर आणावा.